दुपारी अडीचचा वाचक

१

लोक इंटरनेटवर काय शोधतात ते शोधायचं, हे माझं काम. सासूबाईंना हे समजावता समजावता मी हात टेकले. शेवटी त्यांनीच नातेवाइकांत सांगून टाकलं की आमची अनुजा सिंगापुरात कंप्युटरवर काहीतरी करते, आणि विषय मिटला.

काम असं असतं. समजा कुणाला कुलुपं विकायची आहेत. नुसता ‘कुलूप’ शब्द घेतला तर तिथे हजार दुकानं आधीच ठाण मांडून बसलेली, नव्या माणसाला कुत्रं विचारत नाही. म्हणून आम्ही आडबाजूचे शब्द धुंडाळतो. विचारणारे थोडेच, पण उत्तर द्यायला कुणीच बसलेलं नाही, असे प्रश्न. तिथे एक नीट पान लिहून ठेवायचं. शोधणारा थेट आपल्या दारात येतो, आणि मग त्याला कुलूपही विकता येतं.

फेब्रुवारीत वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात दारांची डिजिटल कुलुपं विकणारी एक कंपनी आली. त्यांना इथल्या लहान लहान भाषांतली गिऱ्हाइकं हवी होती. मराठी माझ्या गळ्यात पडली. सेरीन, म्हणजे माझी मॅनेजर, म्हणाली की हे चाललं तर आठवड्यातले तीन दिवस घरून काम कर. ती हे इतक्या सहज म्हणाली, की मला तिथेच तिला मिठी मारावीशी वाटली.

कारण जाई. माझी मुलगी, दहा वर्षांची, प्रायमरी फोरमध्ये, म्हणजे चौथीत. तिचा बाबा, प्रबोध, जहाजावर सेकंड इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. शाळा सुटून जाई सव्वादोनला यिशुनच्या फ्लॅटवर पोचायची आणि मी साडेसहाला. मधले सव्वाचार तास ती एकटी. मुलगी शहाणी आहे, बिल्डिंग चांगली आहे, सगळं खरं. पण रोज दोन वाजले की मी दर पाच मिनिटांनी फोन बघायची ती बघायचीच.

म्हणून नियम केले होते. आत आलं की लोखंडी ग्रिलच्या दाराला आतून कडी. कुणीही आलं तरी उघडायचं नाही. मी आले तरी आधी तीनदा टकटक, मग हाक, मग तिनं विचारायचं, “आमटीत काय घातलंस?” आणि मी म्हणायचं, “आमसूल.” मगच कडी. माझ्याकडे किल्ली असायची, पण कडीपुढे किल्ली काय कामाची. दिवसभराचा शीण त्या एका प्रश्नानं उतरायचा, खोटं कशाला सांगू.

२

मराठी शब्दांत पहिले दोन दिवस काहीच मिळेना. आपली माणसं इथे मराठीत शोधतात ते काय? गोडा मसाला, भाजणी, सत्यनारायणाला गुरुजी. म्हणजे रविवारी लिटिल इंडियात जे मिळतं किंवा मिळत नाही तेवढंच. दार, किल्ली, कुलूप यांवर सगळे इंग्रजीत शोधणार. सेरीनला काय तोंड दाखवू, या विचारात मी यादी खाली खाली सरकवत होते.

तिसऱ्या दिवशी एक ओळ दिसली.

‘मुलगी आतून दार उघडत नाही काय करावे’.

देश सिंगापूर. महिन्याला दहा शोध. स्पर्धा शून्य. दहा म्हणजे अगदीच चिल्लर आकडा, पण आमच्या धंद्यात अशाच ओळीवर उडी मारतात. दार होतं, आई होती, काळजी होती. कुलूपवाल्याला आणखी काय हवं.

शेजारच्या टेबलावरच्या रोहनला मी ती दाखवली. रोहन दादरचा, चोवीस तास थट्टेच्या मूडमध्ये. तो म्हणाला, मॅडम, हे तुम्हीच शोधत असाल ऑफिसातून. मी म्हटलं, माझी मुलगी दार उघडते हो. दोघंही हसलो. मग तो म्हणाला की एवढ्या लहान आकड्यांत काही अर्थ नसतो, हे टूल अंदाजपंचे दाखवतं. ते मलाही माहीत होतं. तरी मनाला वाटून गेलं, की इथे अजून कुणीतरी मराठी बाई रोज दाराबाहेर उभी राहते आहे. मला तिची कणव आली.

३

पान मी एका दुपारी लिहून काढलं. हल्ली नुसतं कोरडं लिहून भागत नाही. लिहिणाऱ्यानं स्वतः अनुभवलंय असं दिसलं तर पान शोधात वर येतं. म्हणून मी घरातलं लिहिलं. मुलाला बाहेरून दरडावू नका, घरातल्या लाडक्या नावानं हाक मारा, उदाहरणार्थ ठकू. तीनदा हलकी टकटक ठरवून ठेवा. आणि दोघांतला एक प्रश्न ठरवा, उदाहरणार्थ ‘आमटीत काय घातलंस?’

जाईला मी ठकूच म्हणते. लिहिताना काही खटकलं नाही. दहा वाचकांच्या पानात कोण काय शोधणार? शाळेचं नाव लिहिलं नव्हतं, ब्लॉकचा नंबर लिहिला नव्हता. उलट आपलं साधं घर लोकांच्या उपयोगी पडतंय याचा थोडा अभिमानच वाटला.

पाच दिवसांत पान पहिल्या क्रमांकावर आलं. दुसरा क्रमांकच नव्हता म्हणा.

४

पानावर कोण कधी येतं आणि काय शब्द टाकून येतं, याचा एक तक्ता आम्हाला दिसतो. माणूस दिसत नाही, फक्त वेळ आणि शब्द. माझ्या पानाला रोज एक वाचक होता. एकच. सोमवार ते शुक्रवार, दुपारी अडीचला. कधी दोन एकतीस, कधी दोन तेहेतीस. शनिवार-रविवार शून्य. शाळेला मार्चची आठवडाभर सुट्टी लागली, मी रजा टाकून जाईसोबत घरी राहिले, तेव्हा आठवडाभर शून्य.

यात घाबरण्यासारखं काय? शाळा सुटायची वेळ सगळ्यांची तीच. माझ्यासारखीच कुणीतरी बाई. मी स्वतःला असंच समजावलं, आणि ते पटलंही.

शब्द मात्र बदलत गेले. आधी ‘मुलगी आवाज ओळखत नाही’. दोन दिवसांनी ‘आईसारखे कसे बोलावे’. मला वाटलं, सावत्र आई असेल बिचारी. मग एका बुधवारी ओळ आली, ‘आमटीत काय घातलंस उत्तर’.

मी हसले. रोहनलाही सांगितलं, बघ, आपला वाचक किती मन लावून वाचतो. प्रश्न मी दिला आणि उत्तर लिहायला विसरले. आमच्या कामात एक गोष्ट हाडीमासी भिनलेली असते. कुणी विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवायचा नाही, नाहीतर तो दुसऱ्याच्या पानावर जातो. मी पान उघडलं, त्या वाक्यापुढे ‘उत्तर: आमसूल’ एवढं लिहिलं आणि बंद केलं. अर्धं मिनिट लागलं असेल. त्यानंतर मी डबा खाल्ला.

५

पुढच्या आठवड्यात जाईला संध्याकाळी भूक लागेनाशी झाली.

मी आल्या आल्या पोहे नाहीतर उपमा टाकायची, तर ही म्हणायची, नको, पोट भरलंय. कशानं? “यू मेक ऑलरेडी वॉट,” ती इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणायची, म्हणजे तूच तर केलंस ना, आणि पुस्तकात डोकं घालायची. मला वाटलं, सकाळी करून ठेवलेल्या डब्याबद्दल बोलते आहे. पण डबा फ्रीजमध्ये तसाच असायचा. ओट्यावर मात्र लहान पातेलं धुऊन पालथं घातलेलं. मी पातेली पालथी घालत नाही, पाणी तळाशी साचतं म्हणून उभी टेकवून ठेवते. पोरीनं स्वतःहून मॅगी केली असेल आणि ओरडा बसेल म्हणून सांगत नसेल, असं धरून मी तिला गॅसवरून दोन शब्द सुनावले. बोलता बोलता मला जाणवलं की ती माझा चेहरा न्याहाळते आहे.

गुरुवारी तिच्या केसांची खजुरी वेणी होती. चापूनचोपून घातलेली, एक केस सुटला नव्हता. मला खजुरी येत नाही. तीन पेडांची घालते तीसुद्धा शाळेत पोचेपर्यंत सुटते. कुणी घातली म्हणून विचारलं तर म्हणाली, “आई.” मी म्हटलं, थट्टा पुरे, लिम आंटीनं ना? तिनं खांदे उडवले.

लिम आंटी म्हणजे शेजारची म्हातारी. कॉरिडॉरमध्ये कुंड्यांपाशी स्टूल टाकून बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे आभार मानायला गेले, तर ती वेणीचं काही बोललीच नाही. मलाच शाबासकी देत म्हणाली की हल्ली तू रोज लवकर घरी येतेस ते बरं करतेस, लेकराला आई लागते. माझ्या मस्तकात तिडीक गेली. हिला सगळ्या इंडियन बायका सारख्याच दिसतात, असं पुटपुटत मी लिफ्टकडे गेले.

पण मेट्रोत बसल्यावर राग उतरला आणि खाली दुसरंच काहीतरी उरलं. मला हेवा वाटत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. माझ्या मुलीची इतकी सुरेख वेणी कुणीतरी घालत होतं आणि ती मी नव्हते.

६

ऑफिसात पोचल्यावर मी तक्ता उघडला. आधी पाहायला हवा होता, पण पान वर गेलं की कोण बघतं?

मंगळवार, दोन तेहेतीस: ‘दार उघडले आता काय करावे’.

बुधवार, दोन चाळीस: ‘दहा वर्षांच्या मुलीला खायला काय आवडते’. त्याखाली ‘खजुरी वेणी कशी घालावी’.

गुरुवार, सहा वाजून पाच मिनिटं: ‘मुलीची आई किती वाजता येते’.

मी उठून पाणी प्याले, परत आले, परत वाचलं. शब्द तेच होते. रोहन म्हणाला की कुणीतरी बेबीसिटर असेल, नवी लागलेली, हे सगळं तिला शोधावंच लागणार. पटण्यासारखं होतं. दर वेळी पटण्यासारखंच काहीतरी असायचं, त्याचाच मला आता वीट आला होता. मी पानावरून ठकू काढलं, टकटक काढली, आमसूल काढलं. मग तब्येतीचं कारण सांगून घरी आले. एक वाजला होता. दार माझ्या किल्लीनं उघडलं, घर रिकामं होतं, भांडी जागच्या जागी होती. सव्वादोनला जाई आली.

मला पाहून ती दारातच थबकली. बूट काढले, हात धुतले, जेवली. अडीच वाजले, तीन वाजले, कुणी आलं नाही. तक्त्यात त्या दिवशी शून्य होतं. जाई मात्र दोन-तीनदा ग्रिलपर्यंत जाऊन आली. मग मला म्हणाली, “टुडे यू नॉट गोइंग ऑफिस, इज इट?” तिचा चेहरा उतरला होता. मला ते लागलं. फार लागलं.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, “ठकू, दुपारी कोण येतं घरी?”

“कोण येणार? तूच येतेस.”

“मी साडेसहाला येते ना गं.”

“हो,” ती म्हणाली. “तेव्हा पण.”

मी पुढे विचारलं नाही. का नाही विचारलं, हे प्रबोधनंही रविवारी फोनवर विचारलं. त्याचं जहाज कोलंबोच्या अलीकडे कुठेतरी होतं आणि आवाज तुटत होता. तो म्हणाला की एकटी पडलेली मुलं मनानं माणसं तयार करतात, तू फार मनाला लावून घेऊ नकोस. मी बरं म्हटलं. त्याला काय सांगणार होते? की मला उत्तराचीच भीती वाटली?

त्या दिवशी जेवताना मी जाईला सांगितलं की प्रश्नाचं उत्तर आता बदललं, आमसूल नाही, चिंच. कुणालाच सांगायचं नाही. ती हो म्हणाली.

७

सोमवारी कुलूपवाल्यांची मीटिंग होती, चुकवता येण्यासारखी नव्हती. लिम आंटीला मी सकाळीच बजावलं की दुपारी आमच्या दाराकडे लक्ष ठेव. तिनं मान डोलावली.

मीटिंग छान झाली. मराठी पानाचा वाचक रोज येतो आणि थांबून वाचतो, याचं कुलूपवाल्यांना भारी कौतुक. एकच वाचक आहे हे कुणी मोजलं नाही, मीही बोलले नाही. सेरीननं सगळ्यांसमोर सांगितलं की उद्यापासून अनुजा तीन दिवस घरून काम करेल, आणि मला म्हणाली, आज लवकर गेलीस तरी चालेल.

पावणेदोनला मी निघाले. बिशानला गाडी बदलली. मनात म्हटलं, संपलं. उद्या अडीच वाजता मी घरात असेन, परवाही असेन. काय असेल ते असो, त्याला दार माझ्यासमोर वाजवावं लागेल. डब्यात दुपारचा शुकशुकाट होता. खतीबला गाडी थांबली तेव्हा मी फोनवर तक्ता उघडला. उघडायला नको होता.

दोन पस्तीस. वाचक एक. ‘दारात दुसरी बाई आली तर मुलीला काय सांगावे’.

यिशुनला उतरून मी धावले नाही. धावलं की ते खरं होईल असं काहीतरी डोक्यात होतं. भरभर चालले. लिफ्टमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

लिम आंटी स्टुलावर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. हातातली झारी खाली ठेवली, उठली आणि आपल्या घरात जाऊन ग्रिल ओढून घेतलं.

आमच्या घरातून फोडणीचा वास येत होता. आतलं लाकडी दार उघडं होतं, ग्रिलला कडी होती. मी तीनदा टकटक केली.

“ठकू.”

जाई आली. केस चापूनचोपून बांधलेले, ओठांना वरणाचा पिवळा डाग. चांगली होती, धडधाकट होती. मला रडूच आलं. ग्रिलमधून हात घालून तिच्या गालाला लावावा म्हटलं, तर ती एक पाऊल मागे सरकली.

“आमटीत काय घातलंस?” तिनं विचारलं.

“चिंच.”

तिनं थोडा विचार केला. मग मान हलवली. अगदी हळुवारपणे, समोरच्याला वाईट वाटू नये अशी.

“दॅट वन ओल्ड ऑलरेडी. मघाशी आईनं बदललं.”

“जाई, मी आई आहे. माझ्याकडे बघ, बाळा. मी आज लवकर आले. उद्यापासून रोज लवकर येणार, घरीच राहणार तुझ्याजवळ. कडी काढ.”

ती बघत होती. माझा चेहरा, माझी पर्स, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड, सगळं तिनं नीट पाहिलं. तिला माझी दया येत होती. दहा वर्षांच्या माझ्या मुलीच्या डोळ्यांत मी ती स्पष्ट पाहिली, आणि त्याहून वाईट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

मग ती वळली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाली, “तिला माहीत नाही.”

आतून कुणी बोललेलं मला ऐकू आलं नाही. गॅस बंद झाल्याचा खट् आवाज तेवढा आला. स्वयंपाकघराच्या दारातून एक कोपर आणि कुडत्याची बाही दिसली, हात पुसत असावी तशी हलणारी. बाही निळी होती, काठाला पांढरा दोरा. सकाळी घालताना माझ्या बाहीचा हाच दोरा निघाला होता आणि मी तो तसाच ठेवला होता.

जाई ऐकत होती. तिनं मान डोलावली. मग ती परत ग्रिलपाशी आली आणि दोन्ही हातांनी कडी सरकवली. जराही आवाज न करता सरकली ती, जणू कुणी तेल घातलं होतं.

“कम इन, आंटी,” ती म्हणाली. “आई सेज कॅन.”

घरच्यांच्या चपला आम्ही आत रॅकवर ठेवतो, पाहुण्यांच्या बाहेर. मी माझ्या बाहेर काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि आत गेले.